मावजी दरजीची नीळ

मावजी दरजीच्या दुकानात रंगीत दोरा मिळत नसे. एकदा रस्त्याच्या कामावरचा मुकादम आपली उसवलेली तपकिरी पँट घेऊन आला. मावजीने ती चिमटीत धरून उलटसुलट पाहिली आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवून परत दिली.

"अहो, हे दिसतंय ना," मुकादम म्हणाला.

"माझं काम दिसतंच. लपवायचं असेल तर पँट पांढरी घे."

मुकादमाने खरंच पांढरी पँट शिवून घेतली. डांबराच्या कामावर ती दीड दिवस टिकली. पण त्या दीड दिवसात त्याला तीन जणांनी साहेब म्हणून हाक मारली, असं तो नंतर कितीतरी वर्षं सांगत होता.

लाखणसर हे गाव कच्छच्या वागडात, रणाच्या काठाला. वस्ती बरीचशी रबाऱ्यांची, म्हणजे मेंढरांची आणि त्यांच्या मागे फिरणाऱ्या माणसांची. रबारी बायका काळी लोकर नेसतात आणि पुरुष डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. खाली पोटरीला घट्ट बसणारा चोरणा, वर छातीपाशी चुण्या घेतलेला घेरदार केडिया, डोक्यावर पागोटं आणि थंडीत खांद्यावर पांढऱ्या लोकरीची धाबळी. पन्नास वर्षं हे सगळं पांढरं मावजीच्या हाताखालून गेलं. म्हणजे धाबळी नाही, ती खेंगार विणकराची. पण धाबळीखालचं सगळं मावजीचं.

उन्हाळ्यात पांढरं कोणीही घालावं, त्यात काय अक्कल लागते, असं तो म्हणायचा. खरी परीक्षा थंडीत. एक तर अंगावर थर वाढतात, आणि थर वाढले की पांढऱ्यावर पांढरं चढतं. शाळेत नवे मास्तर आले होते, गांधीजींचे भक्त. पौषातल्या थंडीत ते पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरा स्वेटर आणि पांढरा मफलर असे चौकात उभे राहिले. हमीर रबाऱ्याने त्यांना पाहिलं आणि मावजीला विचारलं, "दवाखान्यातून कोणी पळून आलंय का?"

मावजीने मास्तरांना दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि एकच बदल केला. स्वेटर काढून ठेवायला लावला आणि खेंगारकडची जाडीभरडी धाबळी खांद्यावर टाकली. मास्तर आरशात बघतच राहिले. तोच सदरा, तीच पँट, पण माणूस दरबारातून आल्यासारखा दिसायला लागला.

"गुळगुळीताशेजारी गुळगुळीत बसवायचं नाही, मास्तर," मावजी म्हणाला. "आत मऊ, मध्ये चुण्यांचं, वर खरखरीत. पांढऱ्याकडे रंग नाही. त्याच्याकडे फक्त सावली आहे. ती पडायला जागा ठेवा."

मावजीच्या लेखी पांढरं एक नव्हतं. सगळ्यांत लख्ख ते मिठाचं. मग दुधाचं, मग ताकाचं, मग लोण्याचं. धाबळी नेहमी लोण्याची, कारण लोकर जन्मतःच तशी. पाचवं एक होतं, हाडाचं. ते पिवळट, मेलेलं पांढरं तो दुकानात घेत नसे. कोणी तसं कापड आणलं तर म्हणायचा, "हे घेऊन जा, याचं अजून दहावं व्हायचंय."

त्याच्या दुकानात दुसरं माणूस म्हणजे त्याची सून, रतन. मुलगा गांधीधामला लाकडाच्या वखारीत, महिन्यातून एकदा यायचा. मावजीची बायको गेल्यावर रतनने शिलाई मशीन हातात घेतलं आणि वर्षभरात तिचा हात असा बसला की केडियाच्या चुण्या सासऱ्याने घातल्या की सुनेने, हे खुद्द सासऱ्याला सांगता येईना. पण एक पंचाईत होती. घर जुन्या वळणाचं. सुनेने सासऱ्यासमोर घुंगट ओढायचा, आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. आता एका खोलीत दिवसभर बसून दोघांनी शिवायचं आणि बोलायचं नाही, हे जमावं कसं?

त्यांनी जमवलं. रतन मशीनशी बोलायची.

"मशीनबाई, दोरा संपत आलाय."

मावजी भिंतीकडे बघून म्हणायचा, "फळीवर आहे म्हणावं."

"मशीनबाई, हमीरबापांचं पोट सुटलंय. दोन बोटं वाढवायला हवीत."

"त्यांच्यासमोर एकच बोट सांगा म्हणावं. कापताना दोन घ्या."

अशी अकरा वर्षं गेली. बाहेरच्या माणसाला वाटे, या घरात मशीन हीच मालकीण आहे.

मग तीन थंड्यांपूर्वी पांढरं बिघडायला लागलं.

सुरुवातीला मावजीला वाटलं, गिरणीवाले फसवतायत. ताजं कोरं मांजरपाट उलगडलं तर ते ताकाचं निघालं. दुसरं ठाण उलगडलं, तेही ताकाचं. त्याने व्यापाऱ्याशी भांडण काढलं, व्यापारी बदलला. नव्याचं कापड लोण्याचं निघालं. मग त्याने साबणाला दोष दिला, मग विहिरीच्या पाण्याला, मग उन्हाला. "पूर्वीसारखं ऊनच पडत नाही," असं तो कोणालाही धरून सांगायचा, आणि वागडात उभं राहून हे ऐकणारा माणूस कपाळावरचा घाम पुसत हो म्हणायचा.

उपाय त्याच्या हातात होता. नीळ. शिवून झालेला कपडा शेवटच्या पाण्यात थोड्या निळीत बुडवून काढायचा, की तो झळझळतो. पूर्वी तो बादलीला दोन थेंब टाकायचा. मग चार झाले. मग बाटलीचं बूच भरून. गेल्या वर्षी तर बाटली तिरपी धरून मनात राम राम म्हणेपर्यंत तो ओतत राहायचा. मग वाळलेला केडिया हातात घेऊन तो समाधानाने म्हणायचा, "आता कुठे मिठासारखा झाला."

तो केडिया आकाशी असायचा. अगदी पावसाळा संपल्यावरच्या सकाळच्या आभाळासारखा.

गावाला दिसत नव्हतं असं नाही. रबारी माणूस दोन कोसांवरच्या कळपातली आपली लंगडी मेंढी ओळखतो, त्याला स्वतःच्या अंगावरचा कपडा दिसणार नाही? पण ज्या माणसाने आपलं बारशाचं झबलं शिवलं, आपल्या बापाचा लग्नातला केडिया शिवला, त्याला तुझं पांढरं निळं झालंय, हे सांगायचं कोणी? पुरुष गप्प बसले आणि काम बायकांवर पडलं. हमीरची बायको पाबी नवा केडिया घरी आला की गुपचूप हौदावर न्यायची आणि तीन पाण्यांतून काढायची. तरी सगळी नीळ जात नसे. एकदा मात्र भानगड झाली. तिने धुतलेलं पाणी हौदाशेजारच्या मेंढरांच्या डोणीत ओतलं. संध्याकाळी हमीरचा थोरला मेंढा, ज्याला सगळे सरपंच म्हणायचे, निळी दाढी घेऊन घरी आला. आठवडाभर तो तसाच गावातून फिरत होता. मावजीने त्याला दुकानासमोर पाहिलं आणि कौतुकाने म्हणाला, "काय पांढरीशुभ्र दाढी आहे याची."

त्या दिवशी मशीनवर बसलेल्या रतनने पाय थांबवला आणि बराच वेळ सुईकडे बघत राहिली. दोन वर्षं सुईत दोरा तीच ओवून देत होती. तिला सगळं कळत होतं. पण नीळ टाकायचं काम सासऱ्याचं होतं, ते ती मशीनला कसं सांगणार.

या थंडीत हमीरच्या नातवाचं, साजणचं लग्न ठरलं. माघातली वसंतपंचमी. साजण मिठागरावर ट्रक चालवायचा, चार शहरं बघून आलेला. त्याने मावजीला फोनवर एक फोटो दाखवला. गडद निळं जाकीट, सोनेरी बटणं.

"बापा, पहाटेच्या वरातीत थंडी किती असते. पांढऱ्यात कुडकुडायला होतं. आणि सगळ्यांनीच पांढरं घातलेलं, त्यात नवरा कोणता हे नवरीच्या मैत्रिणींना कळत नाही."

"तुझ्या बापाच्या वेळी कळला होता?"

"आई म्हणते, पहिल्यांदा तिने हार चुलत्याकडे धरला होता."

सोबत आलेला हमीर खाली मान घालून हसला, कारण गोष्ट खरी होती. पण त्याने नातवाला ठणकावलं, घराण्यात नवरा पांढऱ्यातच उभा राहतो. आणि मावजीनेही शब्द दिला. "थंडी वाजणार नाही आणि तू हरवणार नाहीस. हरवलास तर मी सुई खाली ठेवीन."

लाखणसरात नवऱ्याचा जोड तयार झाला की त्याची मांडणी होते. सकाळच्या उन्हात दुकानासमोर खाट टाकायची आणि तिच्यावर पागोट्यापासून चोरण्यापर्यंत सगळं नवऱ्याच्या आकाराने मांडायचं, वर धाबळी. लोक येतात, बघतात, बोट लावत नाहीत. तिथून जोड थेट नवऱ्याच्या अंगावर. केडियाच्या चुण्या एकदा बसल्या की लग्नाआधी त्याला पाणी लावायचं नाही. म्हणजे पाबीचा हौद या वेळी उपयोगाचा नव्हता. जे मावजीच्या बादलीतून निघेल, तेच सगळ्या गावासमोर आणि व्याह्यांसमोर खाटेवर पडणार होतं.

पाबीने हमीरला सांगितलं, "तू बोल त्याच्याशी."

"मी नाही. माझा केडिया तो दोन बोटं सैल करतो आणि एकच सांगतो. इतका सभ्य माणूस. त्याला मी काय बोलू?"

बोलायची वेळ वेगळ्याच वाटेने आली. साजणसाठी हमीरने आपल्याच मेंढरांची लोकर दोन वर्षं साठवली होती आणि खेंगारने तिची धाबळी विणली होती. अशी धाबळी वागडात दहा वर्षांत झाली नसेल. हमीरने ती मावजीकडे आणून दिली. मावजीने आपल्या निळीतून काढलेला कापडाचा तुकडा शेजारी धरला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खेंगारने तुला फसवलं. हे लोण्याचं नाही, हाडाचं आहे. जुनी लोकर मिसळलीय. परत कर."

निरोप खेंगारकडे पोहोचला. चाळीस वर्षांची मैत्री. हे दोघे एकमेकांना शिव्या देत, पण एकमेकांच्या कामाला कधी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच खेंगार काखेत गाठोडं मारून दुकानासमोर उभा. मागून हमीर, त्याच्या मागून पाबी. हमीर आला होता मध्यस्थी करायला, पण उभा राहिला बाभळीच्या आडोशाला.

खेंगारने खाट ओढली, गाठोडं सोडलं आणि तिच्यावर तीन वस्तू मांडल्या. वाण्याकडून आत्ताच फाडून आणलेलं गिरणीचं कापड, मावजीने महिन्यापूर्वी शिवलेला एक केडिया, आणि कागदात जपून ठेवलेला दुसरा एक केडिया.

"यातलं मिठाचं कोणतं, सांग."

मावजीने क्षणाचाही विचार न करता महिन्यापूर्वीचा केडिया उचलला. "हे काय विचारणं झालं?"

"आणि हे?" खेंगारने गिरणीचं कापड पुढे केलं.

"ताकाचं. आजकाल असंच येतं."

"आणि हे?"

मावजीने कागदातला केडिया हातात घेतला, नाकाशी नेला, आणि बाजूला टाकला. "हाडाचं. असलं कापड माझ्या दुकानात शिरत नाही. कोणी शिवलं हे?"

"गळपट्टी उलटून बघ."

मावजीने गळपट्टी उलटली. डोळ्यांना दिसलं नाही, पण अंगठ्याला लागलं. आतल्या बाजूला तीन आडवे टाके, एक उभा. त्याची खूण. तो अंगठा तिथेच फिरवत राहिला. खेंगारच्या मुलीच्या लग्नात त्याने हा खेंगारसाठी शिवला होता आणि तो बघायला तालुक्याहून लोक आले होते.

"पेटीत राहून पिवळा पडला असेल," तो हळूच म्हणाला.

खेंगार भांडायला आला होता, पण आता तो गिरणीच्या कापडाची घडी घालू लागला. हमीर बाभळीची साल नखाने काढत होता. पाबीसारखी बाई, जी सरपंच मेंढ्याला आणि खऱ्या सरपंचाला एकाच आवाजात हाकलते, तीही जमिनीकडे बघत उभी राहिली.

आतून मशीनचा आवाज थांबला. मग घुंगटाआडून रतनचा आवाज आला, नेहमीपेक्षा सावकाश.

"मशीनबाई, तो केडिया पिवळा नाही पडला. तो मिठासारखा आहे. आणि बापांनी मिठाचा म्हणून उचलला तो आकाशी आहे. तीन वर्षं सगळे आकाशी होतायत. कापड, साबण, ऊन, कोणाचाच दोष नाही. डोळ्यात मोतीबिंदू आलाय."

मावजीने भिंतीकडे पाहिलं नाही. तो खाटेच्या कडेवर बसला.

"सगळ्यांनी घातले ते?" त्याने हमीरला विचारलं.

"घातले."

"रव गावच्या जत्रेला पण?"

"जत्रेला पण. तिकडचे विचारत होते, तुमच्याकडे आभाळ धुवायला टाकलंय का."

"मग बोलला का नाहीत?"

हमीर बाभळीमागून बाहेर आला. "माप चुकत नव्हतं, मावजीभाई. ऊब बरोबर होती. रंगापायी तुला काय बोलायचं?"

मावजी उठला, कात्री घेऊन आला आणि रतनच्या बाजूला मशीनच्या फळीवर ठेवली. "जोड हिला शिवू द्या. नाहीतर शहरात द्या. माझं संपलं," असं सगळ्यांना आणि कोणालाच नाही असं म्हणून तो घरात गेला. चार दिवस दुकानात आला नाही. बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी ताटात तशीच परत यायची.

रतनने कात्रीला हात लावला नाही. लग्नाला पाच आठवडे राहिले होते.

डोळ्यांचं शिबिर तालुक्याच्या गावी दर थंडीत भरतं. थंडीत जखम चिघळत नाही, असा आमच्याकडे जुना समज. मावजीला हे शिबिर ठाऊक होतं आणि त्याची भीतीही ठाऊक होती. त्याचा बाप रणछोड दरजी असल्याच शिबिरात गेला आणि एक डोळा गमावून आला. ही गोष्ट मावजीने गावाला शंभर वेळा सांगितली होती.

पाचव्या दिवशी खेंगार पुन्हा आला. या वेळी मावजीनेच आधी तोंड उघडलं.

"तुझ्या धाबळीला मी हाड म्हणालो."

"म्हणालास. माझ्या मागाने अजून जेवण घेतलं नाही."

"त्याला सांग, चूक झाली."

"सांगतो. पण एक ऐक. तुझ्या बापाचा डोळा शिबिराने नाही घालवला. मी बारा वर्षांचा होतो, पण मला आठवतं. आठ दिवस हलू नका सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरून उडी मारून पळाला, कारण जहागीरदार ठाकोरांच्या घरचा केडिया अर्धा राहिला होता आणि तो दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नव्हता. घरी येऊन वाकून शिवत बसला. डोळा शिवणाने गेला. तुझ्या आईने ही गोष्ट उलटी करून सांगितली, कारण नवऱ्याचा मूर्खपणा सांगण्यापेक्षा डॉक्टरचा सांगणं सोपं."

मावजीने खाटेची सुटलेली दोरी ओढून बसवली. मग म्हणाला, "म्हणजे मी गेलो, तर शिवायचं नाही."

"महिनाभर सुई नाही. वाकायचं नाही, धूर नाही."

"मग जोड?"

दाराआडून आवाज आला, "चौकटीला सांगते, हात माझे आहेत. नजर आणून द्यायची तेवढी."

पौष लागल्यावर मावजी शिबिराला गेला. जाताना अंगावर सगळं पांढरं, म्हणजे आकाशी, आणि खेंगारची जुनी धाबळी. तिथे त्याला हिरवा झगा घालायला लावला, हे त्याने सगळ्यांत मनाला लावून घेतलं. "डोळा फोडा हवा तर, पण हिरवं काय घालता," असं तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. ती मुलगी त्याच्या नातीच्या वयाची. म्हणाली, "बापा, तुम्हाला पांढरं घातलं तर तुम्ही झोपेत पण त्याची शिलाई बघाल." उजवा डोळा झाला. डावा पुढे कधीतरी करायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उघडली. रतन सोबत आली होती, घुंगट ओढून खाटेच्या पायथ्याशी उभी. मावजीने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर उशी होती. त्याने उशीचा अभ्रा ओढून जवळ घेतला.

"याच्यात नीळ जास्त झालीय," तो म्हणाला.

नर्सबाई हसायला लागल्या. मग त्याची नजर स्वतःच्या केडियाकडे गेली, जो खुंटीवर टांगला होता. तो बघतच राहिला. सकाळचं ऊन खिडकीतून त्याच्यावर पडलं होतं आणि केडिया असा आकाशी दिसत होता की त्यात दोन-तीन ढग काढले असते तरी चाललं असतं. मावजीचे खांदे हलायला लागले. रतनला वाटलं रडतोय. डोळ्याला पाणी चालणार नाही म्हणून ती घाबरून पुढे झाली. पण तो हसत होता.

"हे घालून मी गावातून फिरलो," तो म्हणाला. मग त्याने उजवा डोळा झाकला. केडिया मिठासारखा. डावा झाकला, आभाळ. पुन्हा उजवा झाकला. लहान पोराला नवं खेळणं मिळावं तसा अर्धा तास त्याचा तोच उद्योग चालला.

मग तो भिंतीकडे न बघता म्हणाला, "इथे मशीन नाही. तू बोलणार कोणाशी? उगाच पलंगाला कशाला त्रास. माझ्याशीच बोल."

रतनने आधी दाराकडे पाहून घेतलं. मग घुंगट दोन बोटं वर सरकवून म्हणाली, "बापा, चहा आणू?"

एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मावजी म्हणाला, "आण. आणि ती नीळ घरी गेल्यावर बंद डब्यात ठेव. तिची किल्ली तुझ्याकडे."

साजणचा जोड दुकानात अशा तऱ्हेने शिवला गेला. रतन मशीनवर, मावजी खुर्चीत ताठ, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. त्या चष्म्यातून जग हिरवं दिसायचं आणि त्याची चिडचिड व्हायची. आतल्या सावलीत आला की तो चष्मा उचलून एक नजर टाकायचा, हुं करायचा आणि पुन्हा खाली घ्यायचा. हात शिवशिवायचे. एकदा सुईसाठी पुढे वाकला, तर रतन म्हणाली, "भिंतीवरून उडी मारायचा विचार आहे का?" तो मुकाट्याने मागे टेकला. खेंगारने ती गोष्ट तिलाही सांगून ठेवली होती.

आणि याच महिन्यात मावजीने असं काही ठरवलं, जे पन्नास वर्षांत त्याला सुचलं नव्हतं. पूर्वी तो पागोटं, केडिया, चोरणा, सगळ्यांना सारखीच नीळ द्यायचा, सगळंच मिठाचं. वर धाबळी आली की ती मळकी वाटायची आणि दोष लोकरीला जायचा.

"तीन वर्षं मला सगळीकडे लोणी दिसलं," तो रतनला म्हणाला. "चुकून दिसलं, पण दिसलं. तेव्हा मी त्यावर चिडत होतो. वाईट नव्हतं ते. नीळ फक्त पागोट्याला दे, दोन थेंब, तोंड उजळायला. केडियाला अजिबात नको, नुसता उकळून वाळव, दुधाचा राहू दे. मग धाबळी त्याच्या शेजारी परकी दिसणार नाही."

"आणि थंडी?"

"आत जुन्या मऊ धोतराचं दुहेरी अस्तर घाल, खांद्यापासून कमरेपर्यंत. चुण्या मात्र चार कमी घे, नाहीतर मुलगा फुगेल."

वसंतपंचमीच्या आदल्या सकाळी मांडणी झाली. खाटेवर वरून खाली मीठ, दूध, लोणी असं पांढरं उतरत गेलं होतं, कुठे एक संपून दुसरं सुरू झालं ते कळत नव्हतं. चुण्यांत बारीक सावल्या पडल्या होत्या. लोक आले, बघून गेले आणि परत आले. पाबी काळ्या लोकरीत खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, "आता याच्यात माणूस घातला नाही तरी चालेल." साजणने बोट लावलं आणि रतनने त्याच्या हातावर फूटपट्टी मारली. खेंगारने धाबळीची घडी तीनदा सरळ केली, तीनही वेळा गरज नसताना.

"कोणी शिवलं?" बाहेरगावच्या एकाने विचारलं.

मावजीने चष्मा उचलला. "गळपट्टी उलटून बघ." आत तीन टाके आडवे, एक उभा, आणि त्याच्या शेजारी नवी खूण, एक तिरका टाका. रतनचा.

पहाटे वरात निघाली. रणावरून असा वारा येत होता की उंटसुद्धा तोंड फिरवत होते. उजाडलं तेव्हा वरात व्याह्यांच्या वेशीवर पोहोचली होती. मावजी मागे बैलगाडीत बसून आला होता, धूळ लागू नये म्हणून तोंडावर कपडा बांधून. उतरला, चष्मा कपाळावर चढवला आणि जागीच उभा राहिला.

लाखणसरचे चाळीस-पन्नास पुरुष वेशीवर उभे होते, आणि सगळे आकाशी. त्याची तीन वर्षांची सगळी कमाई एका जागी गोळा झालेली. कुठला फिकट, कुठला गडद, हमीरचा तर सगळ्यांत निळा, पाबीने हौदावर न नेलेला. एकानेही तो लग्नासाठी पुन्हा धुतला नव्हता. मधोमध साजण, एकटाच पांढरा, धाबळीत आरामात, कुडकुडत नसलेला. नवरीच्या मैत्रिणी सरळ त्याच्याकडे चालत आल्या. कोणालाही विचारावं लागलं नाही.

मावजीने तोंडावरचा कपडा सोडला. तो हमीरजवळ गेला. "अरे, आज तरी चांगलं घालायचं होतं. मी सगळ्यांचे पुन्हा धुऊन दिले असते."

हमीरने आपल्या आकाशी बाह्या झटकल्या. "तूच शब्द दिला होतास ना, नवरा हरवणार नाही म्हणून? मग. तो उठून दिसावा म्हणून आम्ही तीन वर्षं तयारी करतोय."

बाजूचे सगळे हसले. मावजी हसला नाही. त्याने उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने, जुन्या डोळ्याने, त्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. एकेक जण मिठासारखा शुभ्र होता.

"बापा, दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारून ठेवू का?" मागून रतनने विचारलं.

"ठेव," मावजी म्हणाला, हात न काढता. "पुढच्या थंडीतली घे. एवढ्यात नको."